हाडांची साक्ष
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कवितेचा माणूस. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे आज मी हाडांच्या आजारावर बोलणार आहे, म्हटल्यावर घरच्यांनाही जरा नवल वाटलं. पण शब्द जसे मागच्या पिढ्यांचं काहीबाही सांभाळून ठेवतात, तशीच हाडंही ठेवतात. माणूस विसरतो, सरकारी फायली हरवतात, नद्या पुरात धुऊन निघतात. हाड मात्र आपल्या पोटात गेलेल्या पाण्याचा आणि अन्नाचा हिशेब नोंदवून ठेवतं. आज आपण अशाच काही नोंदी वाचणार आहोत. पहिली नोंद आहे फार लांबची, अमेरिकेतली. पण तिचा धागा आपल्या घरच्या हंड्यापर्यंत येतो.

मिंक हे नाव आपल्याकडे ऐकू येतं ते श्रीमंत बायकांच्या कोटामुळे. प्रत्यक्षात मिंक हा मुंगसाएवढा, लांबट अंगाचा, तपकिरी, चपळ प्राणी. नदीकाठी राहतो, मासे, बेडूक, खेकड्यांसारखे जलचर खातो. आपल्याकडे तो नाही, पण त्याच्या कुळातलं पाणमांजर आपल्याकडे आहे. दोघांची रीत सारखीच. पाण्यात जे असेल ते माशात येतं आणि माशात जे असेल ते यांच्या पोटात जातं.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या भोवती मिंक पाळणाऱ्या शेतकऱ्यांवर एक विचित्र संकट आलं. कातड्यासाठी पाळलेल्या माद्यांना पिल्लंच होईनात. झाली तर जगेनात. सगळ्यांत समान गोष्ट एकच होती, या मिंकांना सरोवरातले मासे खाऊ घातले जात होते. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या ऑलेरिच आणि रिंगर या संशोधकांनी माग काढत नेला आणि तो पोहोचला पीसीबी नावाच्या रसायनांपाशी. पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. हे तेलकट रसायन सहजी पेट घेत नाही, उष्णता सोसतं, वीज वाहू देत नाही. म्हणून ते विजेच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये भरलं गेलं, रंगांत गेलं, आणि कवीला अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ते कागदातही गेलं. वर लिहिलं की खालच्या कागदावर आपोआप उमटतं, मध्ये काळा कार्बन ठेवावा लागत नाही, असा कागद निघाला होता. त्या कागदावरच्या शाईच्या सूक्ष्म कुप्यांमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७१पर्यंत पीसीबी असे. मिशिगन राज्यात कालामझू नावाची नदी आहे. तिच्या काठच्या कागद गिरण्या अशी रद्दी आणून तिची शाई काढत आणि नवा कागद करत. शाईबरोबर निघालेलं पीसीबी नदीच्या गाळात जाऊन बसलं. १९९० साली ही नदी अमेरिकेच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेली.

पिल्लं न होणं हा एक पुरावा झाला. दुसरा पुरावा जबड्यात सापडला. पीसीबीच्या एका जातीची अगदी थोडी मात्रा खाण्यातून दिली तरी मिंकच्या जबड्यात काहीतरी बिघडतं, असं मिशिगनच्याच प्रयोगशाळेत दिसून आलं. हिरडीतल्या, दातांच्या मुळाशी असलेल्या पेशी अमर्याद वाढू लागतात. त्या जबड्याच्या हाडात शिरतात, हाड पोखरतात. वाळवीने दाराची चौकट आतून खावी आणि वरून रंग तसाच राहावा, तसं. आधी फक्त सूक्ष्मदर्शकातून दिसतं. मग दात हलू लागतात, जागा सोडतात, गळतात. मासे खाऊन जगणाऱ्या प्राण्याचे दात गेले म्हणजे काय, ते सांगायला नको. पुढे २००५ साली याच लोकांनी कालामझूकाठच्या रानटी मिंकांचे जबडे तपासल्याचं प्रसिद्ध केलं. प्रयोगशाळेत पाहिलेल्या खुणा तिथे रानातल्या प्राण्यांच्या हाडांत हजर होत्या.

असंच स्वीडनमध्ये झालं. तिथल्या संग्रहालयात बाल्टिक समुद्रातल्या सीलच्या कवट्या पिढ्यान्‌पिढ्या जमा होत गेल्या होत्या. अभ्यासकांनी जुन्या आणि नव्या कवट्या शेजारी शेजारी ठेवल्या. १९५०च्या आधीच्या कवट्या बऱ्याच धडधाकट होत्या. १९६०नंतरच्या कवट्यांची हाडं मात्र झिजलेली, भोकं पडलेली असण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. मधल्या काळात समुद्रात काय मिसळलं, हे सांगायला कुणी साक्षीदार लागला नाही. धूळ खात पडलेल्या कवट्यांनीच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, मिंक तिकडचा, सील तिकडचे, आपल्याला काय त्याचं? पीसीबीचं म्हणाल, तर आपल्याकडेही ते जुन्या ट्रान्स्फॉर्मरांतून आलंच. २०१६ साली केंद्र सरकारने त्याच्या उत्पादनावर आणि आयातीवर बंदी घातली आणि पीसीबी असलेली जुनी यंत्रं वापरातून काढायला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत ठरवली. पण आपल्या मातीतली हाडांची खरी गोष्ट वेगळी आहे. ती कारखान्यातून आलेली नाही, खडकातून आलेली आहे. आणि तीही आधी जनावरांनीच सांगितली.

१९३४ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या गुरांमध्ये हाडांचा एक आजार असल्याची नोंद सरकारी पशुवैद्यकीय अहवालात झाली. लक्षात घ्या, आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तीन वर्षांनी, १९३७ साली, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या माणसांमध्ये तसाच आजार असल्याचं शॉर्ट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापलं. कंबरेतून वाकलेली, मान वळवता न येणारी माणसं. कारण होतं विहिरीच्या पाण्यातला फ्लोराइड. म्हणजे क्रम पाहा, आधी गुरं, मग माणसं. खरं तर दोघं एकाच विहिरीचं पाणी एकाच वेळी पीत होती. गुरांच्या हाडांनी आधी तोंड उघडलं, इतकंच.

माझं आजोळ नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या अंगाला. माझे मामू शेळ्या-बोकडांचा व्यापार करायचे. आठवडी बाजारात जनावर पाहण्याची त्यांची एक पद्धत होती. डाव्या हाताने बोकडाचा खालचा जबडा धरायचा, अंगठ्याने ओठ खाली ओढायचा आणि एका नजरेत दात मोजून वय सांगायचं. ‘दोन दाती’ म्हणजे दुधाचे दोन दात पडून तिथे पक्के दात आलेलं जनावर. बकरीदच्या आधी तर ही तपासणी फार बारकाईने होई. कुर्बानीचं जनावर लंगडं नको, आंधळं नको, आजारी नको, हाडांचा सापळा झालेलं नको, हा आमच्याकडचा नियम. काही गावांची जनावरं आली की मामू दोन-दोनदा जबडा पाहायचे. म्हणायचे, “या गावचे दात खोटं बोलतात. वय दोन वर्षांचं आणि झीज सहा वर्षांची.” त्या दातांवर तपकिरी डाग असायचे, कडा झिजून गेलेल्या असायच्या. चालताना जनावर मागचा पाय जपून टाकायचं. मामू शाळेत चार यत्ता शिकलेले. फ्लोराइड हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. पण कोणत्या गावचं पाणी ‘जड’, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना जबड्यांनी शिकवलं होतं. त्याच गावच्या माणसांच्या दातांवरही तेच डाग आहेत, हे बाजारात सगळ्यांना दिसत होतं. त्यावर कुणी बोलत नसे. जनावराचा जबडा उघडून पाहता येतो. माणसाचा कोण उघडणार?

हा फ्लोराइड करतो तरी काय? आपलं हाड आणि दात कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचे बनलेले असतात. फ्लोराइडला कॅल्शियमची फार ओढ. तो हाडाच्या स्फटिकात शिरतो आणि तिथे आधी बसलेल्या घटकाची जागा घेतो. थोडा असेल तर दात किडत नाहीत, म्हणून तर टूथपेस्टमध्ये तो घालतात. जास्त झाला की गणित उलटतं. लहानपणी, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असतात. तेव्हा पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दात उगवतानाच खडूसारखे पांढरट, मग पिवळे, तपकिरी होतात. घासून तो डाग जात नाही, कारण तो वरचा नसतोच. मोठेपणीही वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं तर हाडं दाट होतात, पण ठिसूळ होतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या मऊ दोऱ्यांतही चुना जमा होतो. पाठीचा कणा एकसंध खांबासारखा ताठर होतो. माणूस मागे पाहायचं असेल तर मान वळवत नाही, सगळं अंग वळवतो. ज्या मुलांच्या खाण्यात कॅल्शियम कमी, त्यांचे गुडघे आत वळतात, पाय वाकडे होतात. गरिबाचं मूल आणि खात्यापित्या घरचं मूल एकाच हापशाचं पाणी पितं, पण पाय गरिबाच्याच मुलाचे आधी वाकतात.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५च आहे. आपल्या राज्यात नांदेडचा किनवट भाग, यवतमाळमधला पांढरकवडा आणि झरी जामणीचा पट्टा, चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग, अशा ठिकाणी ही मर्यादा ओलांडणारं पाणी सापडलेलं आहे. का? तर महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पत्थराचा. पण राज्याच्या पूर्वेच्या टोकाला हा काळा पत्थर संपतो आणि ग्रॅनाइटसारखे अतिप्राचीन खडक सुरू होतात. त्या खडकांच्या खनिजांत फ्लोराइड असतो. पाणी जितकं खोल आणि जितकी वर्षं त्या खडकाला चिकटून राहील, तितका तो विरघळत जातो. नदीचं, ओढ्याचं, उथळ विहिरीचं पाणी त्या मानाने बरं असतं.

इथे आपल्या इतिहासातला एक विलक्षण पेच आहे. १९७२चा दुष्काळ आमच्या पिढीने आईबापांच्या तोंडून ऐकला. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली. त्या काळात गावोगाव बोअर घेतले गेले आणि त्यांवर हातपंप बसले. हातपंपाच्या गोष्टीतही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जालना आणि सोलापूर इथे मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत सुधारलेल्या पंपांवरून पुढे १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडला आणि तो जगभर गेला. या पंपाने लाखो घरांना कॉलऱ्यापासून, हगवणीपासून वाचवलं. त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण पूर्वेकडच्या त्या पट्ट्यात याच पंपाने खोलवरचं, खडकात मुरलेलं पाणी वर आणलं. पाणी काचेसारखं स्वच्छ. ना वास, ना रंग, ना चव. उलट्या-जुलाब थांबले म्हणून लोकांनी दुवा दिली. आणि दहा-पंधरा वर्षांनी गुडघे धरले. यात कुणाची लबाडी नव्हती. पाण्यात जंतू आहेत का, हे पाहिलं गेलं. पाण्यात दगड किती आहे, हे पाहायचं राहून गेलं.

आणि या आजारावर औषध नाही. एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही, डागाळलेला दात पुन्हा उगवत नाही. म्हणून सगळी मदार पाणी बदलण्यावर. यातही आपल्या राज्यातली एक संस्था कामाला आली. १९५८ साली नागपुरात सुरू झालेली आणि १९७४पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. तिने १९७०च्या दशकात एक साधी पद्धत काढली. पाण्यात चुना आणि तुरटी ठरावीक प्रमाणात घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या, फ्लोराइडने गांजलेल्या जिल्ह्यावरून तिचं नाव पडलं नलगोंडा पद्धत. पद्धत स्वस्त, पण रोज मोजूनमापून करायला माणूस हवा आणि खाली बसलेला गाळ नीट टाकायला हवा. जिथे ते जमलं नाही तिथे यंत्रं गंजली. शेवटी खरा उपाय एकच ठरतो, धरणाचं, नदीचं, नाहीतर पावसाचं साठवलेलं पाणी गावात आणणं. २००८-०९मध्ये केंद्राने या आजारासाठी राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू केला. जोडीला खाण्यात दूध, नाचणी, हिरव्या पालेभाज्या हव्यात, म्हणजे कॅल्शियम मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी शाळकरी मुलांना चिंच खायला देऊन पाहिलं, तर लघवीतून फ्लोराइड बाहेर पडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आमची नानी आंबट वरणाशिवाय जेवण वाढत नसे, त्याची मला हे वाचताना आठवण झाली. पण चिंचेच्या भरवशावर वाईट पाणी पीत राहावं, असा त्याचा अर्थ नाही.

काही घरांत असाही समज असतो की पाणी उकळलं म्हणजे सगळे दोष गेले. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि तो तेवढाच राहतो, म्हणजे प्रमाण वाढतं. मेणबत्तीसारख्या कांडीच्या साध्या फिल्टरनेही तो अडत नाही. पाणी तपासून घेतल्याशिवाय तो असल्या-नसल्याचं कळायला दुसरा मार्ग नाही.

आता मी राहतो त्या भागाबद्दल. विरार पूर्वेचं चंदनसार. इथला खडक काळा, त्यामुळे किनवटची गोष्ट जशीच्या तशी इथे लावून मी कुणाला घाबरवणार नाही. पण इथल्या पाण्याचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. सूर्या धरणाचं पाणी नळाला आलं, तरी वसई-विरार एवढं झपाट्याने वाढलं की चाळी आणि सोसायट्या वर्षानुवर्षं टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसल्या. टँकर आला की आपण विचारतो, “किती लिटर? किती पैसे?” तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. हे पाणी कुठल्या विहिरीचं? ती कधी तपासली?

आणि दुसरी गोष्ट वीटभट्ट्यांची. वसई, वाडा, भिवंडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर भट्ट्या लागतात. त्यांवर राबायला आदिवासी कुटुंबं पोराबाळांसकट येऊन राहतात. विटांच्या मातीत नैसर्गिक फ्लोराइड असतो. वीट भाजली की तो वायू होऊन धुराबरोबर बाहेर पडतो आणि आसपासच्या गवतावर, झाडपाल्यावर बसतो. देशात इतरत्र भट्ट्यांच्या जवळ चरणाऱ्या जनावरांच्या दातांवर आणि पायांवर त्याचे परिणाम अभ्यासकांनी नोंदवलेले आहेत. आपल्याकडे भट्टीच्या आडोशाला बांधलेल्या शेळीचा जबडा उघडून पाहायला किती वेळ लागतो? पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाने एका हंगामात तेवढं केलं, तरी त्या भट्टीशेजारी झोपणाऱ्या लेकरांबद्दल आपल्याला काही कळेल. मिंकने कालामझूकाठच्या माणसांसाठी जे केलं, ते आपली शेळी आपल्यासाठी करू शकते. फक्त तिच्याकडे पाहणारं कुणीतरी हवं.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती. आईबापांनी आपली तान्ही लेकरं दोन रांजणांची तोंडं जुळवून त्यांत घालून घरातच पुरली होती. त्या लेकरांच्या दुधाच्या दातांवरच्या रेघांवरून अभ्यासकांनी सांगितलं की ही पोरं आणि त्यांच्या आया उपासमार, आजारपण सोसत होत्या. तीन हजार वर्षांनीसुद्धा दाताने ती भूक विसरली नव्हती.

श्रोतेहो, कधीतरी आपलीही हाडं कुणीतरी वाचेल. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की आज जी हाडं वाढत आहेत, शाळेच्या मैदानावर पळत आहेत, ती काय पितात हे आपण आजच वाचावं. ग्रामसभेत, प्रभागाच्या बैठकीत रस्त्याचा, गटाराचा, दिव्याचा विषय निघतो. तिथे एक साधा प्रश्न लावून धरा, आमच्या बोअरच्या, आमच्या टँकरच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल दाखवा. जंतूंचाही आणि क्षारांचाही. जिल्ह्याच्या पातळीवर पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळा आहेत. बाटलीभर पाणी तिथपर्यंत पोहोचवायचं एवढंच काम आहे. आणि गावात जनावरांची खरेदी-विक्री करणारा एखादा म्हातारा असेल, तर त्याच्याशी दोन घटका बोला. कुठल्या शिवारातले दात लवकर झिजतात, हे तो तुम्हाला सांगेल. त्या शिवारातलं पाणी सगळ्यांत आधी तपासायला न्या.